भाईदास आप्पांची सुई

सुरतेत पर्वत पाटियाला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या आणि जुन्या माणसांचे जुने अँप्लिफायर. स्वभाव माझा तिरसट, पण गिऱ्हाइकाशी मी सहसा भांडत नाही, कारण भांडून मिक्सर फिरायला लागत नाही. भाईदास आप्पांशी मात्र मी तीन वर्षं भांडलो, आणि तेही मोहरीच्या दाण्याहून बारीक वस्तूवरून.

आप्पा म्हणजे भाईदास बोरसे. वय बाहत्तर, राहणार डिंडोली, मूळचे शिंदखेड्याकडचे. पंचविशीत सुरतेला आले, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात लागले आणि शिकत शिकत मास्टर झाले. मास्टर म्हणजे बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारा माणूस. त्यांची ख्याती अशी, की चोवीस लूम धडधडत असताना ते दारात उभे राहून सांगायचे, "सतरा नंबर लंगडस," आणि सतरा नंबरच बिघडलेला निघायचा. "भाईदासला कान आहे," असं मालक चार लोकांत म्हणायचा. ही हकिकत आप्पांनी मला निदान तीस वेळा सांगितली असेल. दर वेळी लूमचा नंबर बदलायचा, मालकाचं वाक्य तेवढं तेच राहायचं.

त्यांच्या घरात एक रेकॉर्ड आहे. त्यांची बायको सुभद्राबाई लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी माहेरी गेल्या असताना, धुळ्याच्या एका हौशी दुकानदाराने खानदेशातल्या पाच बायकांना मुंबईला नेऊन त्यांची गाणी भरून घेतली. कानबाईचं एक मोठं गाणं सुभद्राबाईंनी एकटीने म्हटलं. दुकानदाराने थोड्याशा प्रती काढल्या, त्या खपल्या नाहीत, दुकानही पुढे मोडलं. आता आप्पांच्या घरातली प्रत सोडली तर दुसरी कुठे आहे असं कुणाच्या ऐकिवात नाही. पन्नाशीत दम्याने सुभद्राबाईंचा गळा बसला. त्या आज चार वाक्यं बोलल्या की थांबतात. म्हणजे त्यांचा गाता आवाज या जगात जिथे उरलाय, ती जागा म्हणजे त्या काळ्या तबकडीवरची चर. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढची सगळी भांडणं त्या चरीसाठी होती.

श्रावणात डिंडोलीत घरोघर कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप देऊन चौरंगावर मांडतात, भाऊबंद गोळा होतात, नैवेद्याचे रोट होतात. बोरश्यांच्या घरी देवी मांडली की आधी सुभद्राबाईंची रेकॉर्ड लागते, मग बायका गायला बसतात. हा त्यांच्या घरचा रिवाज, आप्पांनीच पाडलेला. रेकॉर्ड प्लेअर त्यांनी जुन्या बाजारातून आणला होता. तो चालू करणं, रेकॉर्ड पुसणं, सुई ठेवणं ही सगळी कामं आप्पांची. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

चार वर्षांपूर्वी प्लेअरचा पट्टा बदलायला त्यांनी मला घरी बोलावलं. मी सुईची दांडी पाहिली आणि गारच झालो. दांडीच्या टोकावर दोऱ्याने बांधलेले तीन लोखंडी नट.

"आप्पा, हे काय हाये जी?"

"सुई कुदी ऱ्हायनी व्हती," आप्पा म्हणाले. "वजन दिधं. बठी गई."

यात त्यांचं चूक असं काही नव्हतं, लूमच्या हिशेबाने. लूमवर ताणा, म्हणजे उभे धागे, सैल पडले की बीमच्या, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळाच्या दोरीला आणखी एक वजन लटकवतात आणि कापड नीट यायला लागतं. आयुष्यभर हातांनी केलेलं काम त्यांनी इथेही केलं. एक नट, वर्षाने दुसरा, मग तिसरा. अडचण एवढीच की सुई उड्या मारत होती ती घासली गेल्यामुळे, हलकी होती म्हणून नव्हे. बोथट विळीवर जोर देऊन टोमॅटो चिरला तर काय होतं ते घरातल्या कोणत्याही बाईला विचारा.

मी रेकॉर्ड लावून पाहिली. गाण्यातला प्रत्येक 'स' आणि 'श' थुंकी उडावी तसा फिसफिसत होता. आवाज वर चढला की फाटत होता, आणि तबकडीच्या मधल्या भागाकडे जाता जाता तर नुसती खरखर. सुईच्या टोकाशी धुळीचा केसाळ गोळा जमला होता. माझ्याकडे एक भिंग आहे, वराछ्याच्या एका हिरे घासणाऱ्या मित्राने दिलेलं. त्यातून पाहिलं तर सुईचं गोल टोक दोन बाजूंनी सपाट झालेलं, पटाशीसारखं. अशी सुई चरीतून जात नाही, चर तासत जाते.

"आप्पा, सुई बदला. एक दिवसही लावू नका."

"काब्र? हिराची शे. हिरा कोठे घसास?"

"या गावात लाखो माणसं सकाळ-संध्याकाळ हिरा घासतात आप्पा, अन् तुमी मले सांगता हिरा घासत नाही?"

आप्पा हसले, पण सुई काही बदलू दिली नाही. "माले खरखर ऐकू येत नही. मन्हा कान तुले माहीत शे ना?" दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, तिसऱ्या वर्षी पुन्हा. मी मनात म्हणायचो, म्हातारा हेकट आहे, मरू दे. सुभद्राबाई बाजूला बसून ऐकायच्या आणि माझ्यासमोर चहा ठेवायच्या. त्या माझ्या बाजूने एक शब्द बोलत नाहीत याचा मला राग यायचा.

गेल्या वर्षी श्रावणाच्या आधी गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्वयंपाकघरात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. सुभद्राबाईंनी उठून गॅस बंद केला. आप्पा माझ्याशी बोलत होते. मिनिटभराने त्यांनी तिकडे पाहून विचारलं, "कुकर लावा नही का आजून?"

लूमवर काम केलेल्यांचं हे असंच होतं. जाड आवाज राहतात, बारीक आवाज आधी जातात. शिट्टी, पाखरं, बोलण्यातला 'स'. समोरच्याचे ओठ वाचायची सवय धडधडाटात लागलेलीच असते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या तर नाहीच. आप्पा चोवीस लूममधून एक ओळखायचे हेही मला वाटतं पुढेपुढे कानांचं काम नव्हतं. खात्यात, म्हणजे कारखान्यात ते अनवाणी फिरायचे. फरशीची थरथर पायाला कळत असणार.

आप्पा दुधाची पिशवी आणायला गेले तेव्हा मी सुभद्राबाईंना सरळ विचारलं, "मावशी, तुमाले तर खरखर ऐकू येते ना?"

"येस ना भाऊ," त्या म्हणाल्या. जरा थांबून श्वास घेतला. "मन्हाच आवाज शे तो."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. आठ वर्षांपूर्वी आप्पा घरी बसले ते स्वतःहून नव्हे. एका लूमचं बेअरिंग अर्धा तास किंचाळत होतं. आप्पा त्याच्या बाजूलाच उभे होते. लूम जळाला. मालकाने सगळ्यांसमोर म्हटलं, भाईदास, तुझे कान गेले. ज्या तोंडाने कान वाखाणला त्याच तोंडाने. आप्पांनी घरी येऊन सांगितलं की मीच सोडलं, आता आराम. खरी गोष्ट सुभद्राबाईंना दुसऱ्या कामगाराच्या बायकोकडून कळली. "तीन दिन जेवनात नही," त्या म्हणाल्या. "आते मी कशी सांगू? रेकॉर्ड खराब व्हयनी ते व्हयनी."

मला त्या क्षणी त्यांचा रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली. मी तीन वर्षं ज्याला हेकटपणा समजत होतो त्याच्याशी भांडत होतो. ती बाई आपला आवाज दर श्रावणात थोडा थोडा तासला जाताना ऐकत होती, आणि चहा करत होती.

आप्पा परत आल्यावर मी खोटं बोललो. म्हटलं, दुकानात एक नवी सुई पडून आहे, या मॉडेलला बसते का बघायचंय. त्यांनी माझ्यावर उपकार म्हणून बसवू दिली. सुई नवी आहे तोवर नकोत, असं म्हणून नटही काढू दिले. रेकॉर्ड लावली. फरक थोडाच पडला. सुई नवी होती पण चर जुनी. तासलेलं परत भरून येत नाही.

आप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "दख! काहीच फरक नही पडना! तू फुकट दमना, श्रीरंग."

कानबाईच्या दिवशी दुपारी मला आग्रहाचं बोलावणं होतं. घर भाऊबंदांनी भरलेलं. सून अश्विनी रोटांच्या मागे. देवी मांडून झाली, आप्पांनी रेकॉर्ड लावली. पहिली ओळ सुरू होते न होते तोच सगळ्या बायका मोठमोठ्याने तेच गाणं म्हणायला लागल्या. मी पाहिलं, सुभद्राबाईंनी डोळ्यांनी खूण केली होती. मग लक्षात आलं, की ही काही भक्ती नव्हती. रेकॉर्डची खरखर झाकायचा हा त्यांचा ठरलेला बेत होता.

पण त्या दिवशी आप्पांना गाणं फोनवर भरून गावाकडच्या पुतण्याला पाठवायचं होतं. त्यांनी हात वर केला. "थांबा, थांबा! तिले एकलीले म्हनू द्या."

बायका गप्प झाल्या. खोलीत रेकॉर्ड एकटी उरली. आप्पा फोन धरून उभे होते, आणि फोनच्या वरून त्यांना आमचे चेहरे दिसत होते. एका बाईने ओठ दाबले. अश्विनीच्या मांडीवरच्या लहानग्या नातीने दोन्ही कानांवर हात ठेवले. सुभद्राबाई खाली बघत होत्या. आयुष्यभर ओठ आणि चेहरे वाचून काम केलेला माणूस तो. त्यांचा हात हळूहळू खाली आला.

त्यांनी जाऊन सुई उचलली. "श्रीरंग, काय व्हयनं? खरं सांग."

तीन वर्षं माझी जीभ सुसाट होती, त्या वेळी मात्र मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. सुभद्राबाईच बोलल्या. "मन्हा आवाज फाटी गया. सुईमुळे."

"कव्हयपासून?"

"पाच-सहा वरीस झाले."

"अन् तू बोलनी नही?"

आप्पा बायकोकडे पाहत राहिले. त्या का बोलल्या नाहीत हे त्यांना कळलं, आणि कळल्याचं सगळ्यांना दिसलं. मालकाची ती गोष्ट घरात पोचलेली आहे, आठ वर्षं पोचलेली आहे, हेही त्यात आलं. मला वाटलं ते आता खोलीबाहेर जातील. मी असतो तर गेलो असतो.

ते गेले नाहीत. त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली, उजेडात धरली आणि उलटी केली. दुसऱ्या बाजूला पाचही बायकांची मिळून गायलेली जात्यावरची गाणी आहेत. सुभद्राबाईंचं एकटीचं गाणं पहिल्या बाजूला, म्हणून आप्पांनी इतकी वर्षं ही बाजू कधी लावलीच नव्हती. चर अजून कोरी होती. आप्पांनी नवी सुई ठेवली. पाच आवाज एकदम खोलीत आले, स्वच्छ, एकमेकींत मिसळलेले. बायकांतली एक चक्क रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, ते लपवायचं काही कारण नाही.

आप्पांनी वाकून विचारलं, "यामा तू कोठे?"

सुभद्राबाईंनी त्यांचं मनगट धरलं. आपला आवाज वर आला की बोट दाबायच्या, खाली गेला की सोडायच्या. आप्पा त्यांच्या बोटाकडे बघत होते. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

मग ते सरळ उभे राहिले आणि खात्यात बोलायचे तशा मोठ्या आवाजात, देवीसमोर, सगळ्या भाऊबंदांसमोर मला म्हणाले, "श्रीरंग, सुई कव्हय बदलानी ते आते हिले इचारजो. माले नको. मन्हा कान गयात."

मग त्यांनी वळून बायकोला विचारलं, "साफ शे ना?"

इतकी वर्षं गप्प राहिलेल्या सुभद्राबाईंनी मान कलती करून क्षणभर विचार केला. "शेवटनी वळीमा थोडी खरखर शे," त्या म्हणाल्या, "दांडी जरा हलकी करा."