चौथी हाक

कोर्टात त्यांना सगळे भोंगा म्हणत. वकील, कारकून, बाहेरचा चहावाला, सगळेच. काकांना त्याचा राग नव्हता. पक्षकारांची, साक्षीदारांची नावं पुकारायची, हे शिपाई म्हणून त्यांचं काम. एक नाव तीन वेळा. पहिली हाक दालनाच्या दारात, दुसरी व्हरांड्यात, तिसरी जिन्याच्या तोंडाशी. तिसरीलाही कुणी आलं नाही की आत येऊन न्यायाधीशांना म्हणायचं, "गैरहजर, साहेब." पुढे कुणी काही विचारत नसे. भोंग्याची हाक पोचली नाही, असं कधी झालंच नव्हतं.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," ते घरी सांगत. "मी रोज चढतो. वर पगार घेतो."

"म्हणजे पगारी वेडे," मुलगा म्हणायचा.

मुलगा तेव्हा मित्राबरोबर नाटक बसवत होता. जुनं इंग्रजी सूडनाटक, त्यांनीच मराठीत आणलेलं. त्याच्या वाट्याला भूत आलं होतं. चादर पांघरून तो घरभर हिंडे. काकू झाडू उगारत म्हणायच्या, "मेल्या, धुतलेली चादर आहे ती!"

ते नाटक झालंच नाही. सुट्टीत मुलगा एका बांधकामावर देखरेखीला जायचा. तिथे कंत्राटदाराच्या लेकाशी एका मुलीवरून त्याची बाचाबाची झाली. वरच्या मजल्यावर, लिफ्टसाठी सोडलेल्या पोकळीच्या काठावर. कंत्राटदाराच्या लेकाने त्याला ढकललं. पाहिलं एकट्या वॉचमनने.

त्यानंतर मित्र अधूनमधून घरी यायचा. काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. एकदा काकांनीच विचारलं, "तुमच्या त्या नाटकात काय होतं रे?"

"मुलाचा खून होतो. मग त्याचं भूत येऊन बापाला सांगतं, कुणी मारलं ते."

"इथे गावाला ठाऊक आहे कुणी मारलं ते. भुताला कामच नाही." काका जरा थांबले. "माझा तर स्वप्नातसुद्धा येत नाही. बरं, बाप काय करतो?"

"आधी राजाकडे दाद मागतो."

"मिळते?"

"नाही. मग त्याला वेड लागतं. मग तो सगळ्यांना मारतो."

"आणि स्वतः?"

"तोही मरतो."

"हे बरं आहे," काका म्हणाले. "सगळे मेले की पडदा पाडायचा. पोराच्या आईला औषध कोण आणून देणार?"

काकू आतून म्हणाल्या, "माझं नाव पुढे करू नका. हात उचलायची धमक नाही, असं सरळ सांगा की."

 जामिनावर सुटलेला कंत्राटदाराचा पोरगा रस्त्यावर दिसला की काकांचे हात खरंच शिवशिवत. पण जन्मभर त्यांनी लोकांना न्यायाच्या दारात बोलावलं होतं. आता आपणच त्या दाराकडे पाठ फिरवायची, हे त्यांना जमत नव्हतं. आणि वॉचमनने तर त्यांच्या पायांवर हात ठेवून सांगितलं होतं, "काका, मी येणार. डोळ्यांनी पाहिलंय मी."

खटला उभा राहिला, पण दोन तारखांना तो आला नाही. साहेबांनी बजावलं, ही शेवटची. एवढ्या एका साक्षीवर खटला उभा होता.

त्या दिवशी काकांनी रजा टाकली आणि बाप म्हणून बाकावर बसले. शेजारी मित्र. पुकारायला दुसरा शिपाई होता, किरकोळ अंगाचा, किरकोळ आवाजाचा. त्याने वॉचमनचं नाव दारातून पुकारलं. काका ताडकन उठले.

"साहेब, ही हाक व्हरांड्यातसुद्धा पोचली नसेल. मी देतो."

समोरचा वकील हसला. "भोंग्याला घरी करमत नाही वाटतं."

साहेबांनी काकांकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

काकांनी पहिली हाक दिली. खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसरी दिली. व्हरांड्यातली माणसं बोलायची थांबली. तिसरी जिन्याच्या तोंडाशी. कुणी आलं नाही.

आता मागे वळायचं होतं. इतकी वर्षं पाय आपसूक वळायचे. आज ते जिना उतरू लागले. मित्र मागे धावला. "काका, तीन झाल्या!"

काका फाटकापर्यंत गेले आणि त्यांनी चौथी हाक दिली. हाक कसली, टाहोच तो.

पलीकडच्या फुटपाथवर एकाने मान वर केली.

वॉचमन होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला, म्हणजे यायलाच निघालेला. त्याच्या बाजूला कंत्राटदाराची गाडी. मागचं दार उघडं. आत सीटवर वॉचमनची लहान मुलगी बिस्किटं खात होती. कंत्राटदाराने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. मायेने ठेवावा तसाच.

वॉचमनने काकांकडे पाहिलं आणि हात जोडले.

"काका, तो आहे ना तिथे!" मित्र म्हणाला. "आत जाऊन सांगा. पोलीस आणतील त्याला ओढून."

"आणतील," काका म्हणाले. "मग?"

मित्राची नजर गाडीतल्या मुलीवर गेली. त्याच्या नाटकात असा साक्षीदार नव्हता, ज्याचं लेकरू दुसऱ्याच्या गाडीत बसलंय.

काका जिना चढले. कठड्याला धरून, एकेक पायरी. दालनात आले तेव्हा साहेब लेखणी धरून थांबले होते.

"आला का?"

काकांनी तोंड उघडलं.  सगळे त्यांच्याकडे बघत होते. आरोपीच्या जागेवर बसलेला कंत्राटदाराचा पोरगासुद्धा.

"गैरहजर, साहेब."

हे इतकं हळू होतं की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. काकांनी पुन्हा सांगितलं.

लेखणी चालली. साक्ष नाही, आरोपी निर्दोष. पोरगा उठला, बापाला फोन लावत बाहेर गेला.  साहेब म्हणाले, "पुढचं."

किरकोळ शिपाई जागचा हलला नाही. काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. पुढच्या खटल्याचा कागद त्याच्या हातात तसाच होता. काकांनी तो घेतला, दारात गेले आणि कुणा परक्या माणसाचं नाव पुकारलं. खणखणीत.

"आलो, आलो!" व्हरांड्याच्या टोकाकडून कुणीतरी पळत येत होतं.