सासऱ्यांच्या बाह्या

आमच्या जिन्याखाली एक सायकल उभी असायची, तिला थंडीच्या दिवसांत दोन हात फुटायचे. काळ्या जाड लोकरीचे, कोपरापर्यंतचे, पितळी बटणांचे दोन हात, हँडल घट्ट धरून बसलेले. एक नवीन पेपरवाला पहिल्याच पहाटे त्यांना पाहून आल्या पावली मागे वळला आणि आठवडाभर आमचे पेपर फाटकाबाहेर टाकत राहिला. त्याला खरं काय ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. इतकी चांगली मजा एका दिवसात संपवायला मी काही वेडा नव्हतो.

सायकल मिनिटरावाची. तो आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहायचे, आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावर. तो घड्याळं दुरुस्त करायचा. कुणीही हाक मारली की म्हणायचा, "एक मिनिट," आणि पुढची वीस मिनिटं डोळ्याचं भिंग काढायचा नाही. हे नाव त्याला मी ठेवलं. पुढे ते इतकं रुळलं की वहिनीही खिडकीतून ओरडायच्या, "अहो मिनिटराव, जेवण गार होतंय."

माणूस उंचीने बेताचा आणि बोलायला त्याहून बेताचा. पण चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून तो ती घड्याळाच्या पोटात ठेवायचा, तेव्हा आपण श्वास रोखावा अशी त्याची बोटं चालायची. त्या बोटांवरच वहिनी भाळल्या होत्या, हे त्यांनी आमच्या हिला सांगितलं, हिने मला सांगितलं, आणि मी ते कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही.

त्यांच्या लग्नाचीही गंमतच होती. वहिनींचे वडील स्टेशनमास्तर. स्टेशनवरचं मोठं घड्याळ बंद पडलं म्हणून मिनिटराव तिथे गेला, ते चालू केलं, आणि चार महिन्यांनी मास्तरांची मुलगी घेऊन आला. मास्तर शेवटपर्यंत म्हणत राहिले, "त्या माणसाने हात लावल्यापासून माझं घड्याळ दोन मिनिटं मागे पडतं." लग्नाच्या दिवशी जावयाने हात मिळवायला हात पुढे केला, तर मास्तर आपल्या त्या लांब काळ्या कोटाच्या खिशात दोन्ही हात घालून तसेच उभे. मिनिटरावाचा हात हवेतच राहिला. मी तिथेच होतो. त्याने तो हात हळूच मागे घेतला आणि उगाचच स्वतःच्या घड्याळाला चावी दिली.

पुढे आठ वर्षं मास्तर लेकीच्या घरी आले नाहीत आणि त्यांनी बायकोलाही येऊ दिलं नाही.

आता थंडीचं. दुकान नदीपलीकडे होतं. सायकलने अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं पुलावर. पुलावरचं वारं असं की डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत पोचायचं. मिनिटराव दुकानात पोचायचा तेव्हा त्याची बोटं लाकडाची झालेली असायची. शेकोटीवर धरली की आधी मुंग्या, मग कळ, आणि मग तासभर थरथर. घड्याळजीला बाकी काहीही चालेल, थरथर नाही.

उपाय त्याने सगळे केले. लोकरीचे हातमोजे घातले, त्यांतून वारं चाळणीतून जावं तसं गेलं. एकावर एक दोन जोड घातले, तर ब्रेक कुठे आहे ते बोटांना कळेना आणि स्वारी भाजीवालीच्या कोबीच्या ढिगात जाऊन थांबली. आमच्या हिने सुचवलं, खिशात गरम उकडलेले बटाटे ठेवा. ते ठीक, पण हात खिशात घालायचा तर हँडल कोण धरणार? एक हात बटाट्यावर, एक हात हँडलवर, अशी त्याची सायकल नागमोडी जायची आणि मागून दोन कुत्री. मग त्याने हातमोज्यांत वर्तमानपत्र कोंबून पाहिलं. त्याने ऊब आली खरी, पण बोटांना शाई लागली आणि एका शिक्षकांच्या घड्याळाच्या पांढऱ्या तबकडीवर सातच्या जागी ठसा उमटला.

त्यातच एका डॉक्टरांच्या घड्याळाची स्प्रिंग त्याच्या चिमट्यातून उडाली. ती आजवर सापडलेली नाही. दुकानाचे मालक आवाज चढवणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "या थंडीत अजून एक घड्याळ तुमच्या हातून बिघडलं, तर मागच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसेल. तुम्ही पुढे काउंटरवर घड्याळाचे पट्टे विका."

"अरे, पट्टे विकण्यात कमीपणा कसला?" मी त्याला म्हणालो.

तो नुसता दोन्ही तळव्यांकडे पाहत बसला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मास्तर गेले होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनींच्या आई, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, क्वार्टर सोडून मोठ्या मुलाकडे राहायला गेल्या. तिथे जागा कमी आणि सुनेचा हात जुन्या वस्तू देऊन टाकायला सढळ. म्हणून मास्तरांचा तो कोट त्यांनी लेकीकडे पाठवला होता. सोबत चिठ्ठी, "कसर लागू देऊ नकोस."

कसर लागली नाही. कात्री लागली.

एका रविवारी दुपारी वहिनींनी कोट पलंगावर पसरला. आमच्या हिने बाही ताणून धरली आणि वहिनींनी दोन्ही बाह्या कोपरापासून कापल्या. मनगटाकडचं तोंड हँडलच्या नळीभोवती गुंडाळून त्याचीच चार-चार पितळी बटणं लावली. रुंद तोंड मागे, सायकलवाल्याच्या बाजूला. म्हणजे आत हात घातला की मूठ, ब्रेक, घंटी, सगळं बाहीच्या पोटात. मिनिटराव दारात उभा राहून पाहत होता.

"हात घालून बघा," वहिनी म्हणाल्या.

"मी नाही घालणार."

"कापून झालंय. आता नाही म्हणून काय उपयोग?"

"जिवंतपणी त्यांनी मला कधी हात दिला नाही. आता मी त्यांच्या बाहीत हात घालू?"

"मग पट्टे विका. लाल, काळे, तपकिरी. मी येईन घ्यायला."

त्याने हात घातले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला उद्योग मिळाला. घंटी बाहीच्या आत असल्यामुळे पांघरुणात तोंड खुपसून कुणी शिंकावं तशी वाजायची. मी रोज जिन्यातून विचारायचो, "काय रे, आज चालवतंय कोण? तू की मास्तर?" तो म्हणायचा, "वळणावर ते, सरळ रस्त्यावर मी." हा त्याचा त्या वर्षातला सर्वांत मोठा विनोद. पण दुकानात पोचला की बोटं भाकरीच्या तव्यावरून आल्यासारखी ऊबदार. महिनाभर एक स्क्रूसुद्धा हातातून निसटला नाही.

आणि मग मावशींचं पत्र आलं. पंधरा दिवस राहायला येते. लग्नानंतर पहिल्यांदाच. शेवटच्या ओळीत होतं, "कोट उन्हात घालून ठेव, मला बघायचा आहे."

वहिनी पत्र घेऊन वर आल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिल्या. आठ वर्षांनी आई येणार, आणि कपाटात बापाचा कोट कोपरापासून तोडलेला.

शेवटी असं ठरलं की कोट कपाटात मागे, भिंतीकडे तोंड करून टांगायचा. बाह्या हँडलवरून काढून आमच्या गाद्यांच्या ढिगात लपवायच्या. मावशी असेपर्यंत मिनिटरावाने उघड्या हातांनी जायचं. त्याने मान हलवली. नेमकं त्याच आठवड्यात मालकांनी त्याच्या पुढ्यात स्वतःच्या आईचं घड्याळ ठेवलं होतं, वाटाण्यापेक्षा थोडं मोठं. "शनिवारी हवं," म्हणाले. पुढचं सांगायची गरज नव्हती.

मावशी आल्या. ताठ, बारीक, डोळे सगळीकडे. जावयाशी त्या बोलायच्या, पण थेट नाही. "त्यांना विचार, चहा हवा का," असं लेकीला सांगायच्या, आणि "ते" समोरच बसलेले असायचे. कोटाचं विचारलं की वहिनी म्हणायच्या, "काढते गं, आज ऊन कुठे आहे." तिकडे मिनिटराव तीन दिवस त्या घड्याळाचं नुसतं झाकण उघडायचा आणि परत लावायचा. थरथरत्या हाताने आत चिमटा घालायची त्याची हिंमत होत नव्हती.

गुरुवारी सकाळी मावशी जिन्याच्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. मी खाली उतरत होतो.

"काय हो," त्या म्हणाल्या, "ते काल जेवताना चमचा असा का धरत होते? वाटीपासून तोंडापर्यंत निम्मं सूप सांडलं. काही आजार आहे का?"

आता माझ्या पोटात काही राहत नाही हे मला ठाऊक होतं. मी सरळ निघून जायला हवं होतं. पण जीभ आधी सुटली. म्हटलं, "आजार कसला, मावशी. सासऱ्यांनी हातभार लावला होता, तो तुम्ही आल्यापासून रजेवर आहे."

"कोणत्या सासऱ्यांनी?"

मी कोट, बाह्या असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मटारचं भांडं खाली ठेवलं, आत गेल्या, आणि कपाटाचं दार करकरलं. आमची ही वरून कठड्यावर वाकून माझ्याकडे पाहत होती. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

मी दारात गेलो तेव्हा कोट पलंगावर होता, दोन्ही बाजूंना थोटकं. वहिनी ओल्या कपड्यांची बादली हातात घेऊन तशाच उभ्या.

"कुणी कापला?"

"मी."

"कशाला?"

"यांची बोटं कामातून चालली होती, आई. खुर्ची गेली असती."

मावशींनी कोट उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "बाह्या आण."

मी धावत वर जाऊन गादीखालून आणल्या. मावशींनी एका बाहीत हात घातला, अस्तर चाचपलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुझ्या बाबांचीही चालली होती," त्या म्हणाल्या. "थंडी पडली की हात थरथर कापायचे. सिग्नलचा दांडा धरता यायचा नाही, माझा हात त्यांच्या हातावर ठेवून ओढायचे. तुझ्या लग्नाला त्यांचे साहेब आले होते. खिशातून हात काढला असता तर सगळ्यांना दिसलं असतं, आणि नोकरी गेली असती."

वहिनींनी बादली खाली ठेवली.

"आणि घड्याळाला चावी तेच द्यायचे," मावशी पुढे म्हणाल्या. "ती पुरती फिरायची नाही त्यांच्याने. मग मागे पडायचं. नाव यांचं घ्यायचे. मला माहीत होतं. मी गप्प राहिले."

मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय दारात उभे? उद्या गल्लीभर सांगायचंच आहे, तर नीट आत येऊन ऐका. आणि ही सुई घ्या, दोरा ओवा. मला दिसत नाही."

दुपारभर मी दोरा ओवत बसलो. मावशींनी कोटाच्या पाठीचं जाड अस्तर उसवलं आणि त्याचा दुसरा थर दोन्ही बाह्यांना आतून लावला. डावीचं तिसरं बटण सैल होतं, ते तुटलं. त्यांनी स्वतःच्या स्वेटरचं एक काढून तिथे लावलं, शिंपल्याचं, पांढरं.

संध्याकाळी मिनिटराव आला, दोन्ही हात काखेत. मावशींच्या मांडीवर बाह्या पाहून उंबऱ्यातच थबकला.

"एक मिनिट, मी सांगतो," त्याने सुरुवात केली.

"मिनिट नको. हात दाखवा."

त्याने हात पुढे केले. मावशींनी ते दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि धरूनच ठेवले.

"बर्फ झालाय नुसता," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी बाह्या मी चढवते. माझी लेक चारांतली तीनच बटणं लावते, लहानपणापासूनची सवय आहे. जावईबापू, बूट काढा आणि आत या."

शुक्रवारी पहाटे जिन्याखाली वाकून त्यांनी आठ बटणं लावली. शनिवारी मालकांच्या आईचं घड्याळ चालू झालं. मालकांनी ते कानाला लावलं, खिशात टाकलं आणि पट्ट्यांचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मावशी पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, त्या थंडी संपल्यावर गेल्या, आणि पुढच्या थंडीला न कळवता आल्या. मिनिटराव त्या खुर्चीवर आणखी बावीस वर्षं बसला.

आता पुलावर बस जाते. मावशी गेल्या, दुकान गेलं, सायकल कुणाला तरी दिली. बाह्या मात्र आहेत. थंडीत दुपारचा मी त्याच्याकडे गप्पा मारायला जातो. तो माझे हात पाहतो, कपाटातून बाह्या काढतो, उजवी स्वतःला ठेवतो, डावी माझ्याकडे देतो. मग दोन म्हातारे एकेक हात आत घालून बसतो. वहिनी चहा आणून ठेवतात आणि आम्हाला हसतात.

त्या शिंपल्याच्या बटणाचा दोरा मीच ओवला होता, हे मी त्याला दर वेळी सांगतो. तो म्हणतो, "एक मिनिट," आणि माझ्या बाहीची कड नीट करतो, वारं शिरू नये म्हणून.