कड जाईल कुठे?

साळवे गेल्याचं नाशिकच्या आमच्या डिझाइन ऑफिसातून मला कुणी कळवलंसुद्धा नाही. कळवणहून त्याच्या मुलीचं पोस्टकार्ड आलं... चार ओळी. ते हातात धरून मी रडलो, आणि खरं सांगतो, रडलो त्याहून जास्त चिडलो.

पोस्टकार्ड ही त्याची प्रयोगशाळा. कार्डाची कमान करून टेबलावर टेकवायचा. "दाब, बापू." मी वरून बोट टेकवलं की कडा बाहेर पळायच्या, कमान बसायची. मग दोन्हीकडून जाडजूड पुस्तकं लावायचा. "आता दाब." हलायची नाही. पातळ काँक्रीटच्या कमानी छताचं सगळं गणित त्या कडांत आहे, म्हणायचा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका गोदामाचं असंच छत आलं. गणित मुंबईच्या कॉम्प्युटरवर व्हायचं, आम्ही इथून फॉर्म भरून द्यायचो. कडेच्या प्रत्येक बिंदूपुढे लिहायचं: १ म्हणजे जखडलेला, ० म्हणजे मोकळा. खाली विटांचे बारीक खांब, ते रेटा काय सोसणार? साळवेने बाहेर सरकण्याच्या रकान्यात शून्यं भरली. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी हिरव्या शाईने ती खोडून सगळीकडे १ केले, खाली सही ठोकली. "खांब आहेत ना? मग कड जाईल कुठे?"

"साहेब, खांबच जातील की!"

"मला शिकवू नका, साळवे."

उत्तर झकास आलं, सळया कमी झाल्या, साहेबांची वाहवा झाली. छताखालचं टेकू-फळ्यांचं सेंट्रिंग काढलं आणि कडा बाहेर सरकल्या, छत माथ्यावर लांबच्या लांब तडकलं. कुणी दगावलं नाही, एवढंच. चौकशीत साहेब म्हणाले, "फॉर्म साळवेने भरला." त्याची नोकरी गेली. मुंबईहून परत आलेला मूळ फॉर्म माझ्या कपाटात होता. "काढू नकोस, बापू, तुझीही जाईल," तो म्हणाला... आणि मी भित्रा, गप्प बसलो. तो कळवणला ड्रॉइंगचे क्लास घेत राहिला, चुकलेला इंजिनिअर म्हणून.

परवा शोकसभेत साहेब बोलले, "गणितात चुकला बिचारा, पण माणूस सज्जन." बिचारा! मी उठलो. सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला, शेजारी मुलीच्या पोस्टकार्डाची कमान. म्हटलं, "दाबा, साहेब."

साहेबांनी हात मागे घेतला. सूड म्हणा, हो, सूडच. मला बरं वाटलं.

तो फॉर्म आता वहिनींच्या घरी साळवेच्या फोटोखाली लावलाय. फ्रेमवाला म्हणत होता, खालची सही कापली तर नीट बसेल. म्हटलं, फ्रेम मोठी कर.