रताळ्याच्या पाल्याची भाजी

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या एका उतारू बोटीवर मी शाकाहारी भटारखान्यात भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होतो. मूळचा मी बीबीचा, लोणारजवळचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, आणि खारं पाणी म्हणजे लोणारच्या सरोवराचं. समुद्र मी पाहिला तो मुंबईत एका खानावळीत कामाला लागल्यावर. तिथे जेवायला येणाऱ्या एका गोव्याच्या बटलरनं मला बोटीवर नेलं. घरी सांगितलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "सैपाक तं सैपाक. पण कोनासाठी करून राह्यला, ते इचारून करत जाय."

बोटीवर ते विचारावंच लागे. वरच्या वर्गातल्या साहेबलोकांचं जेवण वेगळं, गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचं वेगळं. मुसलमान उतारूंसाठी वेगळा भटारखाना, वेगळी भांडी, वेगळा खाटीक. आमच्याकडे गुजराती, कच्छी, काही पंजाबी. गुजरात्यांच्या डाळीत गूळ, पंजाब्यांच्या डाळीत कांदा, आणि जैनांचं पातेलं कांद्याच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही. एकादशीला साबुदाणा भिजे, शुक्रवारी गोवेकरांकडे मासळी असे, रमजानात पहाटेची चूल पेटे. करमणुकीचंही तसंच. साहेबलोकांना बँड आणि नाच. विषुववृत्त ओलांडताना त्यांच्यातला कोणी तरी सुतळीची दाढी लावून समुद्राचा राजा होई आणि नवख्यांना पाण्याच्या हौदात ढकलून देई. डेकवरच्या लोकांसाठी चादर बांधून हिंदी सिनेमा, नवरात्रात गरबा, एखादा कव्वाल बोटीवर असला तर कव्वाली.

हे सगळं ठरवी तो मुख्य बटलर, मला बोटीवर आणणारा तोच. म्हातारा, शांत माणूस. बोट धक्क्याला लागली की तो शिडीच्या तोंडाशी उभा राही आणि चढणारी माणसं पाही. कपडे, बोली, बरोबरचे डबे एवढं पाहून संध्याकाळचं जेवण तो ठरवून टाकी. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर निघे.

एका परतीच्या फेरीत मोंबासाहून बरेच लोक चढले. तिकडे राज्य बदललं होतं आणि पुष्कळ हिंदी कुटुंबं गाशा गुंडाळून निघाली होती. जाताना जे लोक गरबा खेळत, तेच परतताना ट्रंकांवर मुकाट बसून राहत. बटलरनं पहिल्या संध्याकाळी सिनेमा लावला. कोणी पाहिना. मग त्यानं मशीन बंद करायला लावलं आणि नुसता चहा फिरवला.

दुसऱ्या दिवशी ताटं वाढताना शेजारच्या कढईतलं तापलं तेल माझ्या हातावर उडालं. तोंडून निघून गेलं, "माय वं!"

रांगेत एक साठीच्या घरातली बाई ताट घेऊन उभी होती. पांढरं सुती लुगडं, कपाळ मोकळं. ती ताट तसंच धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"कोठचा व्हय रे तू?"

"बीबीचा, मावशी. बुलढाणा जिल्हा."

"मी वरवट बकालची," ती म्हणाली आणि मागच्या लोकांनी तिला पुढे ढकललं.

दुपारी मी तिला शोधून काढलं. लग्न होऊन ती नवऱ्यामागे मोंबासाला गेली, त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. नवरा तिथल्या रेल्वेत फिटर होता. आता तो गेला होता. मूलबाळ हयात नव्हतं. भाऊ वरवटला भाजीपाला पिकवत होता. त्याला कळवलं होतं, तो मुंबईला धक्क्यावर घ्यायला येणार होता. ती गेली तेव्हा आपला मुलूख नागपूरच्या राज्यात होता, असं ती म्हणाली. आता मुंबईच्या राज्यात आहे असं सांगितल्यावर तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "गाव तं तिथीच असंन न?"

बोटीवर सगळ्या मुलखांचं जेवण होतं, एकट्या वऱ्हाडी बाईचं नव्हतं. गोड डाळ ती नुसती चिवडत होती. खलाशांच्या भटारखान्यात मोंबासाला घेतलेलं ज्वारीचं पीठ होतं. ते मी मागून आणलं, भाकरी थापली, लाल मिरचीचा ठेचा वाटला आणि तिच्यापुढे नेऊन ठेवलं. आजूबाजूचे लोक पाहू लागले. तिनं भाकरीचा पापुद्रा काढला, वास घेतला, तुकडा मोडला. डोळ्यांना पाणी आलं. मला वाटलं, गावाची आठवण आली. अर्धी भाकर खाऊन उरलेली तिनं फडक्यात बांधून ठेवली. मुंबई येईपर्यंत मी रोज भाकरी केली आणि ती रोज अर्धी बांधून ठेवत राहिली.

मुंबईला तिचा भाऊ आला नव्हता. धक्का रिकामा होईपर्यंत ती ट्रंकेवर बसून होती. माझी रजा सुरू होत होती आणि मला घरीच जायचं होतं. बटलर म्हणाला, "घेऊन जा तिला. आपली उतारू आहे." आम्ही रात्रीच्या गाडीनं शेगावला उतरलो. तिथून एसटीनं पूर्णा ओलांडून वरवटला गेलो.

भाऊ पावसाळ्याआधीच वारला होता. ही बातमी तिला दारातच कळली. भाच्यानं पायावर डोकं ठेवलं आणि तोच रडायला लागला. "तुयी वाट पाहतच गेले, आत्या. मले मुंबई काय म्हाईत नाई. कसा येऊ?" त्याची बायको तिशीची, उंच, बोलायला रोखठोक. तिनं दोघांनाही हाताला धरून घरात नेलं. संध्याकाळी भाकर, फोडणीचं वरण, वांग्याची झणझणीत भाजी असं मनापासून रांधलं. आत्याबाईंनी दोन घास घेतले आणि पाणी मागितलं. प्रवासाचा शीण, भावाचं दुःख. कोणाला त्यात वेगळं काही दिसलं नाही. मी सकाळी बीबीला निघून गेलो.

पुढच्या रजेत मी मुद्दाम वरवटला उतरलो. आत्याबाई ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. मी ओळखलंच नाही, इतक्या वाळल्या होत्या. भाच्याची बायको मला विहिरीकडे घेऊन गेली. वांग्याच्या वाफ्यांशी उभी राहून ती एकदम बोलायला लागली.

"भाऊ, त्या जेवूनच नाई राह्यल्या. मी काय काय नाई केलं? भाकर केली, पुरनाची पोळी केली, खिचडी केली. दोन घास खातेत न हात धुतेत. डाक्तर म्हनते दुखनं काई नाई. गाव म्हनते आमी उपाशी ठेवतो. तुमी त्याइले बोटीवर खाऊ घालत होते म्हने. काय घालत होते तेवढं सांगून जा."

"भाकर," मी म्हटलं. पण म्हणता म्हणताच त्या फडक्यात बांधलेल्या भाकरी मला दिसल्या.

मी परत येऊन आत्याबाईंच्या खाटेपाशी खाली बसलो. विचारलं, "मावशी, बोटीवर तुम्हाले माही भाकर आवडत नव्हती ना?"

त्या ओशाळल्या. "तू एवढ्या मायेनं करत होता. कसं सांगू? तिखटानं जीभ सोलते आता माही. भाकर घशाखाली उतरत नाई."

"मग तिकडे काय खात होत्या?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूहळू सांगायला लागल्या. मोंबासाला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना मुलगा झाला होता. चालायला लागला आणि तापानं गेला. त्यानंतर त्यांनी अन्न सोडलं. नवरा दिवसभर कामावर. शेजारी एक तिथलीच बाई राहत होती, गोदीत काम करणाऱ्या हमालाची बायको. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ती शेजारीण रोज येई, चूल पेटवी, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवी. त्याला तिकडे उगाली म्हणतात. बरोबर नारळाच्या दुधातली रताळ्याच्या पाल्याची भाजी. गोळ्याला अंगठ्यानं खळगा पाडून त्यात भाजी भरायची आणि आत्याबाईंच्या तोंडात घालायची. "लेकराले भरवते तसं भरवलं तिनं मले," आत्याबाई म्हणाल्या. "माय दूर, सासू दूर. तिच्या हातचं खाऊन मी जगली. मंग आमी दोघी जन्मभर तसंच रांधत राह्यलो. नवऱ्यालेबी तेच आवडे."

"मग इथं सांगितलं काऊन नाही?"

"कसं सांगू रे? सून जीव तोडून करते. आन गावात काय म्हनू? मले ढोराचा पाला दे म्हनू?"

दाराआड भाच्याची बायको, त्यांची ही सून, उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ओसरीत येऊन ती आत्याबाईंपाशी नाही, माझ्यापाशी आली. "करता येते तुमाले?"

मोंबासाला मी ती भाजी खाल्ली होती. म्हटलं, "येते."

मका मिळाला सातपुड्याच्या पायथ्याहून आठवडी बाजाराला आलेल्या एका कोरकू बाईकडे. नारळ देवळाजवळच्या दुकानात होते. रताळ्याचे वेल भाच्याच्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पसरले होते, शिवरात्रीसाठी लावलेले. कोवळा पाला खुडायला लागलो तसा भाचा कसनुसा झाला. "हे तं आमी बैलाले टाकतो, भाऊ. लोकं पायतीन तं काय म्हनतीन?"

"म्हनू दे," त्याची बायको म्हणाली आणि ओच्यात पाला घेत सुटली.

मी मका जरा जाडसर दळून आणवला. नारळ खवून, पिळून दूध काढलं. पाला चिरून कांद्यावर परतला, त्यात दूध घातलं, नुसतं मीठ. मिरची नाही. पिठाचा गोळा घोटताना हात भरून आले, कारण तिकडे वापरतात तसा लाकडी उलथा नव्हता. लाटण्याच्या टोकानं घोटला. सून शेजारी उकिडवी बसून एकेक गोष्ट पाहत होती. भाजी शिजल्यावर तिनं आधी स्वतः बोटावर घेऊन चाखली. तोंड वाकडं केलं नाही. म्हणाली, "सपक हाय. पण वंगाळ नाई."

आत्याबाईंपुढे ताट ठेवलं. त्या बघतच राहिल्या. मग उजव्या हातानं गोळ्याचा तुकडा तोडला, मुठीत दोनदा फिरवला, अंगठ्यानं खळगा पाडला आणि भाजी उचलली. इतका सराईत हात होता तो. त्यांनी ताट पुसून घेतलं आणि मग त्या शेजारणीचं नाव घेतलं, मोठ्यानं, जणू ती भिंतीपलीकडेच आहे.

पुढे सून ते सगळं शिकली, माझ्याहून चांगलं. गाव हसलं. वरवटमध्ये काही दिवस त्यांच्या घराला पालेखाऊ म्हणत. सुनेनं ते मनावर घेतलं नाही. रोज नारळ मिळत नसे, तेव्हा ती शेंगदाण्याचं दूध काढून घाली. आत्याबाई सावरल्या. वाफ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधू लागल्या. त्यानंतर तीन-चार रजांत मी त्यांना भेटलो. नंतरच्या रजेत गेलो तर सून दारातच म्हणाली, "गेल्या आपल्या आत्याबाई. झोपेतच गेल्या." मला पाणी देऊन ती समोर बसली. मग म्हणाली, "तिकडं त्या बाईले कोन सांगंन?"

पुढच्या फेरीत बोट मोंबासाला थांबली तेव्हा मी उतरून आत्याबाई राहत त्या रेल्वेच्या चाळी शोधल्या. त्या शेजारणीचं नाव विचारत विचारत गेलो. ती बाई जिवंत होती. पार वाकलेली, पण स्वतःच्या पायांनी बाहेर आली. माझी तिकडची भाषा मोडकी. मी आत्याबाईंचं नाव घेतलं आणि हात आडवा करून झोपल्याची खूण केली. तिला कळलं. ती उंबऱ्यावर बसली आणि पदरासारख्या कापडात तोंड झाकून घेतलं.

मग तिनं एकच विचारलं. ते शब्द मला येत होते. "ती जेवत होती का?"

"हो," मी म्हटलं. "रताळ्याचा पाला. नारळाचं दूध."

"कोण करत होतं?"

सून या नात्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मला येईना. मी म्हटलं, "मुलगी."

तिनं मान हलवली. उठली आणि मला चल म्हणाली. चाळींच्या मागे, रुळांच्या पलीकडे काजूची झाडं होती. एका झाडाखाली दगडांचं छोटं आळं केलेलं होतं. भोवतीचं गवत काढलेलं, माती झाडलेली, ताज्या खराट्याच्या रेघा उठलेल्या. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि कमरेच्या खाली हात धरून उंची दाखवली. आत्याबाईंचं एवढंसं लेकरू तिथे पुरलेलं होतं. आई बोटीवर चढल्यापासून ती एकटीच ते झाडत आली होती. मला मंत्र येत नव्हते. तिनं तांब्यासारखं एक भांडं भरून आणलं होतं, ते माझ्या हातात दिलं. मी पाणी घातलं. तिनं आपल्या देवाचं नाव घेतलं, मी माझ्या.

रजेत वरवटला जाऊन मी हे सुनेला सांगितलं. ती कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत होती. ऐकता ऐकता फावडं टेकून उभी राहिली.

"झाडलेलं हाय म्हनता?"

"हाव. स्वच्छ."

"तिचं कोनी हाय का मागं? ती गेल्यावर कोन झाडंन?"

ते मी विचारलंच नव्हतं. मी तसं सांगितलं. वाफा भरून पाणी बाहेर सांडायला लागलं होतं. ती वाकली, मातीनं त्याचं तोंड बंद केलं आणि पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं.