गवई मॅडमची माशी

गवई मॅडमना कुणाच्याही लग्नाचा फोटो दाखवा, त्या नवरा-नवरीकडे बघायच्याच नाहीत. हारातल्या झेंडूवर दोन बोटं ठेवून फोटो मोठा करायच्या आणि म्हणायच्या, "इथं एक बसली हाय वाटते."

बसलेली असायची ती सिरफिड माशी. अंगावर गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण डंख नाही; हवेत एका जागी तरंगत राहते आणि आपल्याला उगाच भिववते. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. लोक त्यांना मोबाइलवर माश्यांचे फोटो पाठवून नावं विचारत. फोटो धूसर असला की बाई कडाडायच्या, "पट्टे नाही दिसत, डोळे नाही दिसत, मंग मी काय कुंडली पाहून नाव सांगू?" प्राचार्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

मॅडम एकट्याच राहायच्या. सारा जीव अकोल्याच्या भाचीवर, प्राजक्तावर. तिला बघायला धामणगावचा मुलगा येणार होता आणि तो तिला मनातून आवडलेला होता. आधीचं एक स्थळ मॅडमच्या फटकळ तोंडामुळे मोडलेलं, म्हणून त्यांच्या भावाने, प्राजक्ताच्या वडिलांनी, म्हणजे संजूने, मला सोबत बोलावून बजावलं, "सर, ताईले आज बोलू देऊ नोका."

अंगणात पोहे झाले, चहा आला, सगळं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात मुलाच्या पिवळ्या शर्टाच्या कॉलरवर तसलीच एक माशी येऊन बसली. मुलाच्या मामांनी रुमाल उगारला.

"मामा, हात खाली!" मॅडम गरजल्या. मोबाइल काढून थेट नवरदेवाच्या मानेशी वाकल्या. "हालू नोका जी. श्वास बी हळूच घ्या."

संजूने कपाळाला हात लावला. प्राजक्ताच्या तोंडचं पाणी पळालं. मी तर डोळेच मिटून घेतले.

मुलगा मात्र शहाण्यासारखा बसून राहिला. वरून, बाजूने, समोरून फोटो झाले. माशी उडाली ती मॅडमच्याच बोटावर. "आता तुमी काढा!" म्हणत त्यांनी मोबाइल त्याच्या हातात कोंबला. त्याने काढलेला फोटो बघून त्या भावाकडे वळल्या. "संजू, देऊन टाक पोरगी. हा पोट्टा हालत नाही."

सगळ्यात आधी मामाच हसले. लग्न जमलं.

"पण माशी कोणती?" मुलाने विचारलं.

"पंखाच्या शिरा नाही दिसून राहिल्या. नाव नाही सांगत."

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेत लावायला फोटो शोधला, तर मोबाइलभर माश्याच माश्या, बाई स्वतः एका फोटोपुरत्या. शेवटी जावयाने काढलेला तोच फोटो मोठा करून लावला. बोटावरची माशी लख्ख, मागे बाईंचा हसरा चेहरा पार धूसर. असा फोटो त्यांनी कुणाचाही खपवून घेतला नसता.

मामांनी मात्र दारात चपला काढता काढताच ओळखलं. "याच बाईनं माहा हात खाली करवला होता," ते म्हणाले आणि दोन्ही हात जोडून उभे राहिले. मला रडू आवरेना.