हेल्मेटवाली मालिका आणि आमचा फिजिओ विभाग

फिजिओथेरपीत हात वर, हात खाली, एवढंच चालतं. तोंड मात्र मोकळं असतं. त्यामुळे पेशंटचे वीस राउंड पूर्ण होईपर्यंत एखादा किस्सा तयार झालेलाच असतो. मी मूळचा अकोल्याचा, नोकरी अमरावतीच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात. गेल्या वर्षी आमच्याकडे जे किस्से साठले, ते बहुतेक एका जपानी ॲनिमेमुळे.

ती आणली डॉ. सानिकानं. ती पुण्याची, आमच्याकडे नवीन. डबा खाताना तिचा टॅबलेट चालू असायचा. गोष्ट अशी की, लोक डोक्यावर हेल्मेट चढवून व्हर्च्युअल रिॲलिटीच्या गेममध्ये शिरतात आणि आतच अडकतात. शेवटच्या बेटावर पोचेपर्यंत सुटका नाही. शरीर इकडे दवाखान्यात पडून, माणूस तिकडे तलवार घेऊन! नाव कुणालाच धड घेता येईना, म्हणून आम्ही तिला ‘हेल्मेटवाली’ म्हणू लागलो.

आमच्या शोभामावशी, म्हणजे वॉर्डातल्या आया, भातकुलीच्या. त्यांना इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नव्हती. मग वानखडे सिस्टर त्यांच्यासाठी वऱ्हाडीत सांगायच्या. एकदा नायिका डोळ्यांत पाणी आणून दोन मिनिटं बोलली. मागे व्हायोलिन, समोर मावळता सूर्य.

“काय म्हणते वं?” मावशींनी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, “जेवून घे म्हणते.”

*

सानिकाच्या मते ॲनिमेतली लढाई म्हणजे कमाल. चित्रं, रंग, संगीत, सगळं एक नंबर! मलाही पटायचं. पण नायक वार करायच्या आधी त्या वाराचं नाव मोठ्यानं ओरडायचा.

“मारायच्या आधी सांगते काहून हा?” सिस्टर वैतागल्या. “समोरचा सावध नाही होनार?”

सानिका म्हणाली, “अहो सिस्टर, ती स्टाइल आहे त्यांची.”

मावशींनी मात्र नायकाची बाजू घेतली. “बरोबर करते तो. तुमी बी सुई टोचाच्या आधी सांगताच ना!”

*

सिस्टरांची खरी तक्रार वेगळीच होती. नायक दोन वर्षं पलंगावर पडून, आणि चादरीला एक सुरकुती नाही.

“याची लघवीची पिशवी कोन बदलून राहिलं?”

“सिस्टर, ही फँटसी आहे!”

“असो ना. इन्फेक्शन तं होतेच! अन् कुशीवर कोन वळवते त्याले? पाठीले एक जखम नाही!”

पुढच्या भागात तर कहर झाला. नायक जागा झाला, सलाइन उपटली आणि कॉरिडॉरमधून पळत सुटला! मी हातातला घास खाली ठेवला. दोन वर्षं झोपलेला माणूस? मी पेशंटला नुसतं बसवायला दोन-दोन आठवडे घेतो!

शेजारच्या खुर्चीवर राऊतकाका व्यायाम करत होते. चांदूर बाजारचे. पक्षाघात होऊन पाच महिने झालेले. पाय सुधारला होता, उजवा हात अजून गप्प होता. त्यांनी टॅबलेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“त्याचा फिजिओ चांगला हाय, सर. नंबर घेऊन ठेवा.”

*

मावशींचा राग नायिकेपायी. पहिल्या भागांत ही पोरगी एकटी दहा-दहा जणांना लोळवायची. मग नायकावर जीव जडला, दोघांचं लग्न झालं, आणि बाई थेट तळघरात कैद! पुढचे आठ भाग नुसती खिडकीतून वाट पाहत बसली.

“तलवार कुठं गेली हिची?” मावशी म्हणाल्या. “लिवनारा मानूसच असन!”

सानिकानं मोबाइलवर शोधलं. पुरुषच होता.

“मंग!” म्हणून मावशी डबा घासायला उठल्या.

*

एका शनिवारी सिस्टर आणि मी एकाच एसटीनं अकोल्याला निघालो. सिस्टरांचं माहेर तिथलं. बडनेरा सोडल्यापासून त्यांचा एकच विषय.

“तिचा नवरा तं गेलाच होता, सर. पन खरा नाही गेला. हेल्मेटच्या पायी अडकला! घरच्यांनी काढलं असतं, तं जागीच खतम!”

आसपासच्या सीटवरच्या माना वळल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत मागची बाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“म्हनूनच आमचे हे घालत नाहीत!”

*

आणि मग एक दिवस दवाखान्यात खरंच व्हीआर आलं. एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला होता. गॉगल लावायचा, हातांना पट्टे बांधायचे, समोर झाड दिसतं, हात लांबवून सफरचंद तोडायचं. मी राऊतकाकांना बसवलं. त्या आठवड्यात ते व्यायामाला कंटाळले होते. “हा हात आता असाच राहते,” असं घरी बोलले होते म्हणे. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

गॉगल चढवला. उजवा हात उशीवर ठेवला. काकांनी डाव्या हातानं सुरुवात केली.

“कायचं झाड हाय हे?”

“सफरचंदाचं, काका.”

“इकडं कुठं होते सफरचंद! संत्र्याचं लावा.”

कंपनीचा माणूस म्हणाला, “संत्र्याचा ऑप्शन नाही, सर.”

काकांनी बोट लावलं, सफरचंद टपकन टोपलीत पडलं. काका भडकले. “असं तोडते का कोनी? नुसतं बोट लावलं अन् तुटलं! चाळीस वर्षं संत्र्याचा बगीचा केला म्या. देठाशी धरा लागते, अन् असं पिरगाळा लागते. नाही तं फांदी खराब होते, बाप्पा!”

‘असं’ म्हणताना डावं मनगट फिरलं.

उशीवरचं उजवंही फिरलं.

थोडंसंच. पण फिरलं. मी सिस्टरांकडे पाहिलं, त्या माझ्याकडेच पाहत होत्या. सानिकाचा हात तोंडावर गेला. काकांना गॉगलमुळे यातलं काहीच दिसत नव्हतं. ते कंपनीच्या माणसाला शिकवत होते, “असं. पाहून राहिले ना? असं.” आणि दर ‘असं’ला उजवं मनगट उशीवर वळत होतं.

मावशी पदरानं डोळे पुसत पुढे झाल्या. “काका, काढू का आता गॉगल? हात तं पाहा तुमचा!”

“थांब वं बाई,” काका खेकसले. “एवढं झाड तं होऊ दे!”