चिंध्यांत टाकलेला खर्रा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा म्हणूनच.

राजुऱ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून दिवाकरभाऊचं, पंखे-मिक्सर दुरुस्तीचं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की तो खर्ऱ्याची पुडी घेऊन माझ्या बाकावर येऊन बसायचा. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा आमच्याकडे एकट्याने खायची रीत नाही. पुडी एकाची, चिमटी दोघांची.

मला छातीत जळजळ व्हायची. नागपूरच्या पुतण्याने धरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घशाखाली घातली, अन्ननलिकेवर औषधाचा रंग फवारला. नंतर फोटो दाखवला — चांगल्या जागेने रंग धरला होता, एक ठिगळाएवढी जागा फिकटच होती. कापडातला माणूस मी, रंग न धरणारा तुकडा मला कळतो. हा कॅन्सर नाही, म्हणाले, पण पेशी बिघडायला लागल्यात, सोडून दिलं तर पुढे होऊ शकतो. दुर्बिणीतूनच तेवढा थर काढला. बाहेर एक टाका नाही. खर्रा कायमचा बंद आणि वेळोवेळी फेरतपासणी, एवढं सांगून घरी पाठवलं.

राजुऱ्यात बायको सोडून सगळ्यांना मी सांगितलं, नागपूरला लग्नाला गेलो होतो. का? तेव्हा मुलीचं जमत होतं. आजाराचं नाव निघालं तर पाहुणे मागे फिरतील, असं मनाला समजावलं. पण मुलगी सासरी गेल्यावर तरी माझं तोंड उघडलं का? मग तिला कशाला मध्ये आणू? मी भ्यालो होतो. नंतर खोटं अंगवळणी पडलं.

पुडी तर रोज यायची. मी चिमटी घ्यायचो, मशीनकडे तोंड फिरवायचो आणि चिंध्यांच्या पेटीत सोडायचो. तोंडात लवंग. शिवाय बाहेर जाऊन थुंकायचं नाटकसुद्धा! हसू येतं ना? मलाही यायचं.

मग दिवाकरभाऊला घासागणिक पाणी लागायला लागलं. म्हणायचा, "भाकर उतरूनच नाई राह्यली रे." अख्ख्या बाजारात हे कुणाला कळायला हवं होतं? मलाच ना? आणि मी — सांगतो — मी त्याला ॲसिडिटीची गोळी दिली. माझ्या हाताने. एकदा नाही, कित्येकदा. तो ती विश्वासाने गिळायचा.

एक दिवस त्याची बायको सुनंदावहिनी डबा द्यायला आली आणि माझ्या दारात थांबली. "खर्रा सोडा म्हणलं तं मले म्हणते, प्रभाकर बी खाते, त्याले काई झालं काय? भाऊजी, तुम्हाले काऊन काई होत नाई?"

मला तिच्याकडे बघवेना. माझी धडधाकट तब्येत दाखवून तो घरात खर्ऱ्याची वकिली करत होता.

त्याच आठवड्यात मी त्याला नागपूरला नेलं. तेव्हाही खरं बोललो नाही. पुतण्याच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, एवढंच म्हणालो. घास अडकत होता तो सुजेमुळे, पण त्याच तपासणीत फिकट डागही सापडला. माझ्या डागाहून मोठा — तरी वरच्या थरातच होता. तोही दुर्बिणीतूनच निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. वेळेत!

आता दिवाकरभाऊ ठेचा-भाकर खातो. खर्रा सुटलाय, दुपारी आम्ही फुटाणे खातो. त्याला चावून, चवीने खाताना पाहिलं की मला खरोखर आनंद होतो — तेवढा तरी खरा आहे. पण तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "प्रभाकरनं वाचवलं मले." आणि मी मान खाली घालून कापड कापत राहतो. वाचवलं? मी तर त्याला गोळ्या देत होतो.

पुढच्या आठवड्यात त्याची फेरतपासणी आहे. माझी मी आजवर चुकवत आलो, कुणी विचारेल म्हणून. या वेळी दोघांची वेळ घेतली आहे. चंद्रपूर मागे पडेपर्यंत मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. पण नागपूर यायच्या आत, बसमध्येच, त्याला सांगणार आहे — मले आंधीच मालूम होतं, दिवाकरभाऊ. मग त्याने माझ्या शेजारी बसायचं की उठून दुसऱ्या सीटवर जायचं, ते त्याचं त्याने ठरवावं.